मिशनचे घर

आपल्या भागात ‘मिशन’ हा शब्द इमारतींना चिकटून आला. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचे कंपाउंड असे आपण सहज बोलतो. मिशनचे घर असे मात्र कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही. वास्तविक पाहता क्रम उलटा आहे. समुद्रापलीकडून आलेले जोडपे प्रथम राहण्याची जागा पाहते, स्वयंपाकाची सोय लावते, पाणी कोठून येते ते विचारते, परक्या भाषेतील दहावीस शब्द पाठ करते. शाळा, प्रार्थनामंदिर आणि दवाखाना यांची पाळी त्यानंतर येते. पुढे इमारती उरतात आणि घर पुसले जाते. या पुसल्या गेलेल्या घराविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. परमुलखात येऊन वस्ती केलेल्या प्रत्येक कुटुंबाचा त्याच्याशी संबंध आहे, आणि पांढुर्णा-सौंसरकडील आपण बहुतेक सारे अशाच कुटुंबांतले आहोत.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण नागपूरचे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील डन्स गावचे. जन्म ८ सप्टेंबर १८१७. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ साली फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले, त्या नव्या चर्चचे ते पाळक. १८४४ मध्ये एराज्मा हल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवा संसार थेट हिंदुस्थानाकडे निघाला. मद्रास फौजेतील विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने नागपुरास मिशन उघडण्यासाठी देणगी दिली होती. त्या कामावर हिस्लॉप यांची नेमणूक झाली. १८४५ च्या फेब्रुवारीत हे जोडपे नागपुरास पोहोचले. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये, नागपुरास आगगाडी आली १८६७ मध्ये. म्हणजे आगबोटीतून उतरल्यावरही मुंबई ते नागपूर हा सारा पल्ला जनावरांच्या आणि माणसांच्या पायांनी तोडायचा होता.

तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. देवगडच्या गोंड राजांचा मुलूख भोसल्यांकडे आलेला असल्याने आजचे सौंसर आणि पांढुर्णा हेही त्याच राज्यात मोडत. १८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. या सर्व उलथापालथीत हिस्लॉप यांचे घर नागपुरातच होते. त्यांचे काम आपल्या बाजूलाही पोहोचले. आपल्या छिंदवाड्याकडील उमरेठच्या कोळशाच्या थरांचा नागपूरकडील जीवाश्म वनस्पतींच्या थरांशी आणि दोहोंचा बंगालमधील बर्दवानच्या थरांशी काय संबंध आहे, याविषयी त्यांनी १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यांच्याच मिशनचे जेम्स डॉसन पुढे छिंदवाड्यास राहिले आणि १८७० साली त्यांनी गोंडी शब्द व वाक्प्रयोग छापून प्रसिद्ध केले. परासियाच्या खाणी आणि पहाडावरची गोंडी या आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही ओळखी अभ्यासाच्या कागदावर आणण्यात नागपूरच्या त्या घराचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

अशा घराचा दिवस कसा जात असेल? नागपूरच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेल्याला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. पहाटेची वेळ हीच कामाची वेळ. थंडीच्या देशातून आलेल्या माणसाने एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडण्याचे धाडस फार तर एक-दोन वर्षे केले असेल. सकाळी भाषेचा अभ्यास, मग शाळा. ती १८४६ मध्ये सुरू झाली आणि तिचाच विस्तार होत १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. संध्याकाळी बाजारात उभे राहून धर्मोपदेश. कामठीच्या छावणीत मद्रास फौज असल्याने तिकडे तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्या शिपायांचे वेगळेच जग, तेथेही जाणेयेणे. रात्री दिव्याखाली पत्रे, अहवाल आणि पै-पैचा हिशेब, कारण वर्गणीदार समुद्रापलीकडे बसलेले आणि उत्तर येण्यास काही महिने लागणार. हिवाळा लागला की तंबू गाड्यावर टाकून गावोगाव फिरती. या फिरतीतच हिस्लॉप यांना दगड दिसू लागले. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांत शंख-शिंपल्यांचे अवशेष सापडले, मांगलीच्या दगडात एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. सहकारी रॉबर्ट हंटर आणि ते दोघे मिळून ही सामग्री नोंदवून इंग्लंडला पाठवत. हे हंटर १८४७ मध्ये नागपुरास आले आणि १८५५ मध्ये मायदेशी परतले; पुढे त्यांनी इंग्रजीचा सात खंडांचा मोठा कोश संपादित केला. शब्द गोळा करण्याची सवय मराठी शिकताना लागली की काय, असे मला उगाच वाटून जाते.

कारण या घरातील पहिले काम आणि शेवटपर्यंतचे काम एकच होते: भाषा. मराठी शिकू इच्छिणाऱ्या इंग्रजासाठी तेव्हा मोल्सवर्थचा १८३१ चा कोश होता. त्याआधी विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेले १८०५ चे व्याकरण होते. परंतु कोशातील मराठी मुख्यतः पुण्या-मुंबईकडची आणि कोकणची. नागपूरच्या बाजारात, कोष्ट्यांच्या आळीत, कुणब्यांच्या खेड्यात बोलली जाणारी मराठी वेगळी. ‘येऊन राहिलो’, ‘काऊन’, ‘पोट्टे’ ही रूपे ज्याच्या कानावर कधी पडली नाहीत, त्याला पुस्तकी मराठी येत असूनही नागपुरात मुक्याप्रमाणे वागावे लागते. मी नरखेडकडची, लग्न होऊन सौंसरला आले. मोजून काही कोसांचे अंतर, तरी पहिल्या वर्षी सासरच्या मंडळींच्या हिंदीमिश्रित बोलण्यातील अर्धे शब्द मला अडत. मग स्कॉटलंडहून आलेल्या नव्या नवरीचे काय झाले असेल? पुरुषाला शाळेत पंडित मिळतो. बाईला भाषा शिकवतात ते पाणक्या, धोबी, दूध घालणारी गवळण आणि दाराशी येणारी पोरे. तिचे व्याकरण स्वयंपाकघराच्या मागल्या दारी तयार होते.

येथे मला थांबावेसे वाटते. हिस्लॉप यांचे नाव महाविद्यालयाला मिळाले. टाकळीला सापडलेल्या हिरवट खनिजाला १८५९ मध्ये ‘हिस्लोपाइट’ असे नाव पडले. एका जीवाश्म वनस्पतीच्या शास्त्रीय नावात ‘हिस्लोपी’ हा शब्द आहे. एराज्मा हे नाव मात्र जन्मभर नागपुरात राहिलेल्या माणसाच्याही कानावरून गेलेले नसते. मिशनच्या व्यवहारात नेमणूक होई ती पुरुषाची. पत्नी ही त्याच्या सामानाबरोबर आलेली मानली जाई. काम मात्र दोघांच्या जिवावर चाले. पडद्याआड असलेल्या घरांत पुरुष उपदेशकाला प्रवेश नव्हता, त्यामुळे मुलींचे शिक्षण हे या बायकांच्याच हाती आले. मुंबईत जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १८२९ मध्ये येताच मराठी शिकण्यास आरंभ केला आणि थोड्याच अवधीत मुलींच्या शाळा काढल्या. सहा वर्षांनी, १८३५ मध्ये, त्या मुंबईतच वारल्या. त्यांच्याविषयी पतीने पुस्तक लिहिले म्हणून त्यांचे घर आपल्याला थोडेफार दिसते. बहुतेक घरांच्या वाट्याला असे पुस्तक आले नाही.

या बायकांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण गोष्ट उन्हाळा नव्हे आणि पटकीही नव्हे. मुले जरा मोठी झाली की त्यांना शिक्षणासाठी आणि हवेसाठी मायदेशी पाठवण्याची रीत होती. चार-पाच वर्षांचे मूल आगबोटीवर चढवायचे आणि पुन्हा भेट होईल तेव्हा ते आईला ओळखणार नाही, हे मनाशी धरून घरी परतायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी परक्यांच्या मुलींना बाराखडी शिकवायची. मिशनच्या अहवालांत शाळेची पटसंख्या असते. ही सकाळ त्यात नसते.

हे सारे लिहिताना एक प्रश्न टाळून चालणार नाही. ही माणसे आली ती आपला धर्म बदलावा म्हणून. हिस्लॉप यांनी आपला हेतू कधी लपवला नाही, आणि आपल्या पूर्वजांनीही तो ओळखण्यात चूक केली नाही. मुलाला इंग्रजी यावी म्हणून ते त्याला मिशनच्या शाळेत घालत आणि संध्याकाळी घरी आल्यावर देवापुढे परवचा म्हणून घेत. शाळेत मुले पुष्कळ आणि धर्म बदलणारे मोजके, असेच स्कॉटिश शाळांचे चित्र सगळीकडे राहिले. एखाद्या घरातला मुलगा ख्रिस्ती झाला तर त्या घरावर काय आकाश कोसळे, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आईने जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ करावी, इतके ते दुःख मोठे होते. एका बाजूला मूल आगबोटीवर चढवणारी आई, दुसऱ्या बाजूला मूल धर्मांतराने गमावलेली आई. दोघी एकाच गावात राहत होत्या आणि एकमेकींचे दुःख समजण्याइतकी भाषा दोघींच्यात क्वचितच जुळली. मिशनच्या कामाचे मोल करताना हे दोन्ही पारडे हातात धरावे लागते. एकच धरले तर स्तुती होते किंवा निंदा होते, समजूत वाढत नाही.

हिस्लॉप यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मला मोठी वाटते. धर्म सांगायला आलेला हा माणूस ऐकायलाही बसला. गोंडांचा आद्य पुरुष लिंगो याचे गीत परधानांच्या मुखातून उतरवून घेण्याचे काम त्यांनी केले. सुमारे हजार ओळींचे ते गीत गोंडी मूळ आणि भाषांतर या दोन्ही रूपांत त्यांच्या कागदपत्रांत होते. ज्या श्रद्धा त्यांना बदलायच्या होत्या, त्याच त्यांनी शब्दशः जपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. रात्री बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून येताना पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. सेहेचाळीस पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. पोळ्याच्या सुमाराचा आमचा कन्हानचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा नाल्याची एका तासात पालटणारी नियत माहीत आहे. टेंपल यांनी त्यांचे कागद संपादून १८६६ मध्ये नागपूरला ग्रंथरूपाने छापवले. ती शिळावर्तुळे पुढे नागपूर विद्यापीठाने रीतसर उत्खनन करून अभ्यासली. कागद वाचले, दगड वाचले. एराज्माबाईंच्या मागल्या दाराशी जमलेले मराठी तेवढे वाऱ्यावर गेले.

मग असे घर आतून कसे असते, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही काय? सांगितले आहे, आणि ते एका मराठी बाईनेच. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हे जोडपे परदेशातून आले नव्हते, पण १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे घर आपल्याच मुलखात परदेश होऊन बसले. तत्पूर्वी हा संसार आपल्या परिसरात, नागपूर आणि राजनांदगाव येथे, झाला होता. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग नगरला त्यांच्याकडे परतल्या. तरी सुरुवातीला सोवळे आणि पाणी वेगळेच. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे अनाथ मुलांनी भरलेले घर, प्लेगची छावणी, घरी येणाऱ्याला असेल ते उचलून देणारा नवरा आणि डब्यातले पीठ मोजणारी बायको. हे सारे ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात आहे. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने जसे बोलावे तसे लिहिले, आणि मराठीतील पहिल्या प्रतीचे आत्मचरित्र तयार झाले. टिळकांच्या कवितेला आपण मान देतो. परंतु त्यांच्या घरात चूल कशी पेटत होती हे आज कळते ते लक्ष्मीबाईंमुळे. घराचा इतिहास घर चालवणाऱ्या हाताने लिहिला तरच शिल्लक राहतो, हा माझ्या मते त्या पुस्तकाचा मोठा धडा आहे.

आता आपल्याकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. एकाच प्रांतात असलेली सौंसर आणि नरखेड ही गावे दोन राज्यांत विभागली गेली. नदी तीच, संत्र्याची बाग तीच, सोयरीक तीच. मात्र शाळेच्या फळ्यावरची भाषा वेगळी झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे आणि ती असणे स्वाभाविक आहे. या सर्व काळात आपल्याकडे मराठी टिकवण्याची ना शासनाची नेमणूक होती, ना कोणाची देणगी. ते काम उंबरठ्याच्या आत झाले, आणि केले ते सुना म्हणून आलेल्या बायकांनी.

माझ्या सासूबाईंच्या हिशेबाच्या अकरा वह्या आमच्या घरात आहेत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पहिल्या वह्यांत ‘भाजी’, ‘विजेचे बिल’, ‘शाळेची फी’ असे लिहिलेले आहे. पुढच्या वह्यांत ‘सब्जी’ आली, ‘बिजली’ आली, ‘फीस’ आली. मजुरांची हजेरी, संत्र्याच्या बहाराचा सौदा, कोणाच्या लग्नात किती आहेर दिला, नातवाचा ताप कोणत्या दिवशी उतरला, हे सारे एकाखाली एक. मात्र सण, व्रत आणि नाती यांचे शब्द शेवटच्या वहीपर्यंत मराठीच राहिले. ‘जिवती’, ‘भुलाबाई’, ‘मामेसासूबाई’ यांना त्यांनी कधी दुसरा शब्द लावला नाही. बाहेर हिंदी बोलण्यास त्यांचा विरोध नव्हता. बाजारात त्या खणखणीत हिंदीत भाव करीत. पण मुले हिंदी बोलत घरात शिरली की म्हणत, “चपला बाहेर काढल्या नं? मग ते बोलणंही तिथंच ठेवून ये.” एवढीच त्यांची भाषानीती. त्यांच्या आग्रहामुळे माझ्या मुलांना मराठी वाचता येते. माझ्या नातवाला समजते, वाचता येत नाही. त्याच्या मुलांना समजेल की नाही, हे सांगण्याचे धाडस मला होत नाही.

कोणी म्हणेल, परधर्म सांगण्यास आलेल्या परदेशी बाईची आणि घरातील सासूबाईंची तुलना कशाला? हेतू वेगळे, हे मला मान्यच आहे. एकीला दुसऱ्यांची भाषा शिकून त्यांच्या घरात शिरायचे होते, दुसरीला दुसऱ्यांच्या भाषेच्या पुरात स्वतःचे घर तोलून धरायचे होते. तरीपण दोघींचे काम एकाच जागी चालले, मागल्या दाराशी आणि चुलीपुढे. दोघींनाही त्यासाठी कोणी नेमले नव्हते. नेमणूक नसलेल्या कामाचा अहवालही कोणी मागत नाही, म्हणून ते काम झालेच नाही असे पुढच्या पिढीला वाटू लागते.

आपल्या जुन्या घरांत अजून अशा वह्या आहेत. फडताळात, ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या खणात जुनी पत्रे, पाककृतींचे कागद, जात्यावरच्या ओव्यांची टिपणे आहेत. ज्यांना त्या ओव्या मुखोद्गत आहेत अशा आज्या आणि मावश्या आपल्यात आहेत, त्यांची वये ऐंशीच्या पुढे गेली आहेत. स्कॉटलंडहून आलेल्या एका माणसाने आपल्या मुलखातील परधानासमोर बसून हजार ओळी उतरवून घेतल्या, तेव्हा त्याला ती भाषा जन्माने मिळालेली नव्हती. आपल्याला ती मिळाली आहे. येत्या दिवाळीत मुले-नातवंडे घरी येतील, तेव्हा फराळ झाल्यावर एक वही आणि एक आजी त्यांच्यासमोर बसवावी, आजीने सांगावे आणि नातवाने लिहून घ्यावे. त्याला देवनागरी जमत नसेल तर पहिल्या दिवशी अक्षरेच गिरवावीत. सुरुवात म्हणून तेवढे पुरेसे आहे.